भों नसलेला माईक

२ फेब्रुवारी, रविवार

नाना गावाहून संध्याकाळच्या एसटीने आले आणि कपडेसुद्धा न बदलता गॅलरीतल्या खुर्चीत बसले. चहा टाकू का विचारलं तर नुसता हात हलवला. घशाच्या ऑपरेशनपासून सासऱ्यांचं बोलणं कमी झालंय, पण चहाला नाही म्हणायची त्यांची रीत नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, गावच्या बैठकीत काहीतरी झालंय.

झालं ते येसूआत्याने फोनवर सांगितलं. येसूआत्या म्हणजे नानांची थोरली बहीण, गावातच असते, देवळाला लागून घर. कानाने कमी ऐकते म्हणून समोरच्यालाही बहिरा समजून ओरडते. "नमे, गावकरी बोलले, रावजीचा आवाज पोचत नाय! यंदाच्या शिमग्याला गाऱ्हानं लवू घालनार!" रावजी म्हणजे नानाच, आणि लवू त्यांच्या चुलतभावाचा मुलगा.

आमच्या गावात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली की गावाच्या वतीने देवीसमोर गाऱ्हाणं घालायचा मान नानांच्या घराण्याचा. ते एकेक मागणं बोलणार आणि सगळं गाव "व्हय म्हाराजा" म्हणणार. हा हुंकार आला नाही तर देवीने ऐकलं नाही असं धरतात. आणि जे ऐकूच आलं नाही त्याला कोण होय म्हणणार? दिवाळीनंतर नानांच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली. गाठ साधी निघाली, त्या डॉक्टरांचे पाय धरावेत इतके उपकार आहेत. पण आवाज राहिला तो फुंकरीइतका. ताण द्यायचा नाही अशी ताकीद.

आता खरं लिहिते, ही वही कुणी वाचणार नाही. फोन ठेवला आणि मला क्षणभर बरं वाटलं. कारण दरवर्षी गावाचं सगळं मागून झालं की नाना शेवटी म्हणतात, "घरच्या सुनेची ओटी भरू दे रे म्हाराजा." आणि अख्खं गाव माझ्या पोटासाठी "व्हय म्हाराजा" म्हणतं. मी बायकांच्या घोळक्यात उभी. सगळ्या माना माझ्याकडे वळतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, मागणं काही सुटत नाही.

मग गॅलरीत बघितलं तर नाना मांडीवरची टोपी उगाच सरळ करत बसलेले. माझं बरं वाटणं तिथल्या तिथे विरलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कॉलेजातून येताना बाजारातून कॉलरला लावायचा बिनतारी माईक आणला. मोबाईलवर व्हिडिओ करणारी पोरं वापरतात तो. डबीवर लिहिलंय, गोंगाट आपोआप कापतो.

नानांच्या सदऱ्याला लावला, स्पीकरला जोडला. म्हटलं, बोला. नाना बोलले. काही नाही. पुन्हा बोलले. गॅलरीखालून गेलेल्या रिक्षाचा हॉर्न आला, नाना नाहीत! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या मेल्या डबीला नानांचा आवाज म्हणजेच गोंगाट वाटत होता, आणि ती तो इमानेइतबारे कापत होती.

मला इतका संताप आला की डबी भिंतीवर फेकणार होते. नानाच हसले, खांदे हलवत, आवाज न करता. म्हणाले, "ह्या डबीला मी मानूस वाटलो नाय गो."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मी कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काढली ती काय फक्त काचा पुसायला? बाजारातल्या रामआळीत जाऊन माईकचं साधं बोंड आणलं. शर्टाच्या बटणाएवढं असतं. त्याला अक्कल नाही, त्यामुळे ते काही कापत नाही. मिळेल ते सगळं ऐकतं. ओठाजवळ धरलं तर फुंकरही उचलेल. फक्त त्याला बाहेरून थोडी वीज द्यावी लागते, आणि गावात माईकवाल्या गुरुप्रसादचा सेट आहे त्यातून ती मिळत नाही. म्हणजे वीज द्यायचं छोटं सर्किट मी करायचं. जमलं तर नाना उभे राहतील, नाही जमलं तर लवू.

रात्री जेवताना नानांना कागदावर काढून दाखवलं. एकाच तारेवरून वीज आत जाते आणि आवाज बाहेर येतो. पुढे कपॅसिटर आहे तो आवाजाला सोडतो, विजेला अडवतो.

"म्हंजे कुंपनातली वाट," नाना म्हणाले. "मानूस जातो, ढोर अडतं."

पुढच्या बॅचला मी हेच सांगणार आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

फट्!

जुन्या सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर घेतला, वीज गाळायला मोठा कपॅसिटर लावला, बटण दाबलं, आणि थोड्या वेळाने फटाका. स्वयंपाकघरभर कुजकट वास, आणि कपॅसिटरची टोपी थेट सोलकढीच्या पातेल्यात. उलटा लावला होता. "लांब पाय प्लसला, लांब पाय प्लसला" असं दरवर्षी पोरांच्या कानीकपाळी ओरडणारी मी!

नाना धावत आले. मी शाबूत आहे बघितलं आणि मग हसायला लागले. खरोखरचं हसू, घशातून, खरखरीत का होईना पण ऐकू येणारं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी सोलकढी मोरीत ओतली आणि त्या कपॅसिटरला मनातल्या मनात हात जोडले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चाललं! नाना नुसते "नमे" म्हणाले आणि स्पीकरमधून "नमे" आलं. इतके दिवस हाक मारायला ते भांडं वाजवत होते.

पण मागे सतत भों. अडॅप्टरमधून घरातल्या विजेची घरघर येतेय. फुंकरीसाठी आवाज वाढवावा तर भों पण वाढतो. आणखी कपॅसिटर लावले, कमी झाला, गेला नाही.

नाना म्हणतात, राहू दे. "गुरुप्रसादच्या माईकाला पन भों असतो. भों असला की समजायचं, माईक जिता हाय. भों नाय म्हंजे मेला." मी म्हटलं, नाना, तुमच्या आवाजात आणि भोंमध्ये भोंच जिंकतोय, आणि मी काही भोंला गाऱ्हाणं घालायला पाठवत नाहीये. यावर नानांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

अडॅप्टर काढून टाकला. चौकोनी सेल लावला. भों गायब! घर इतकं गप्प झालं की मला वाटलं सगळंच बंद पडलं.

सेलची मला धास्ती होती म्हणूनच मी टाळत होते. गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये थांबवत नाहीत. सेल मध्येच बसला तर? हिशेब केला. बोंड वीज खातं चिमणीएवढी. खादाड निघाला तो मी हौसेने लावलेला लाल दिवा. माईक चालू आहे हे दाखवण्यापलीकडे त्याचं काम काय? उपटला. आता चालू ठेवूनच देते, बघू किती दिवस टिकतो.

डबा हवा होता, धातूचा, म्हणजे बाहेरची घरघर आत शिरत नाही. मी लॅबमधल्या डब्यांचा विचार करत होते तेवढ्यात नानांनी आपली तंबाखूची डबी पुढे केली. ऑपरेशनपासून रिकामी, पण उशाशी असते. घासून चकचकीत केली होती. "हिला आता दुसरं काय काम," म्हणाले. मी उगाच कोरडेपणाने "बरी आहे, मापाची आहे" म्हटलं.

चाचणीला म्हटलं, गाऱ्हाण्याच्या दोन ओळी बोला. नाना एकदम गंभीर. "गाऱ्हानं खोटं खोटं घालत नायत. बोललं की ते गेलं." मग पेपर वाचून दाखवला. वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी गेली ती बातमी. इतकं स्वच्छ, की त्यांनी पान उलटल्याचंही ऐकू आलं.

वाचून झाल्यावर विचारलं, "नमे, दर साली मी शेवटाला बोलतो ते तुला ऐकू जातं काय गो?"

"सगळ्या गावाला ऐकू जातं, नाना," मी म्हटलं. जरा तोडूनच.

ते बराच वेळ तार बोटाला गुंडाळत बसले. बिचाऱ्यांना आपला तो खणखणीत आवाज आठवला असणार. मी तरी इतकं फटकन बोलायला नको होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्याचा, संदेशचा फोन. जहाज कुठल्याशा बंदराला लागलंय, नाव तीनदा सांगूनही मला कळलं नाही. त्याला म्हटलं, तुझे वडील स्वयंपाकघरात माझ्या शेजारी स्टुलावर बसतात, मी सोल्डरिंगचा डाग देताना तार धरून ठेवतात, हात हलू देत नाहीत. तो म्हणाला, "माझा अभ्यास घेताना कधी पाच मिनिटं बसले नाहीत." हसलो दोघं.

सेल अजून तसाच आहे. छत्रीची काडी वाकवून गळ्यात अडकवायची आकडी केली, तिच्या टोकाला बोंड, वर स्पंजचा तुकडा. नाना घालून आरशात बघून आले. "ड्रायवर दिसतो," म्हणाले, "आकाशातल्या इमानाचा."

२ मार्च, रविवार

आज गावात चाचणी.

गुरुप्रसादने सहाणेच्या दोन्ही कडांना कर्णे लावले, तोंडं लोकांकडे, नाना मागच्या अंगाला, म्हणजे कर्ण्यांचा आवाज माईकात शिरून शिट्टी नको. मी डबी घेऊन त्याच्या सेटशेजारी. स्विच डबीवरच आहे, म्हणजे माझ्याकडे. तंबाखूची डबी बघून तो म्हणाला, "वहिनी, माईकाला पन व्यसन लावलाव काय?" पण जोडणी त्याने मनापासून केली, स्वतःच्या नव्या तारा काढून दिल्या.

सेट चालू केला. शांतता. गुरुप्रसादने माझ्याकडे बघितलं. नानांनी स्पंजावर टिचकी मारली, मग मला खुणेने विचारलं, मेला? मी खुणेने सांगितलं, बोला!

लवू पार शेवटी फणसाखाली उभा होता. यंदा ज्याच्यावर गाऱ्हाणं येणार होतं तोच. गाऱ्हाणं तर घालायचं नाही, म्हणून नानांनी एसटीचं वेळापत्रक वाचलं. रत्नागिरी, संगमेश्वर, चिपळूण, खेड. प्रत्येक गाडी फणसापर्यंत पोचली. येसूआत्या आपल्या पडवीतून ओरडली, "खेडची गाडी किती वाजता बोललास रं?" सगळे खो खो हसले. तिला ऐकू आलं म्हणजे देवीला येणारच!

गावकऱ्यांनी तिथेच ठरवलं, गाऱ्हाणं रावजीच घालणार. मला वाटलं होतं लवूला वाईट वाटेल. तो माझ्याजवळ आला नि हातच जोडले. "वहिनी, वाचवलंस. चार मानसांत माझं तोंड सुकतं. महिनाभर झोप नाय मला." मी म्हटलं, आभार काय ते त्या डबीचे मान.

परत येताना एसटीत नाना खिडकीशी बसून ओठ हलवत होते. मनातल्या मनात गाऱ्हाणं जुळवत असावेत.

८ मार्च, शनिवार

सगळं मनासारखं झालंय आणि मला झोप नाही.

नाना दिवसभर ओठ हलवतात. मी आले की थांबतात. आज विचारलं, "यंदा गाऱ्हान्यात काय मागू?" मी भाजी चिरत होते. म्हटलं, "पाऊसपाणी मागा. आंब्याला भाव मागा. नेहमीचं मागा." नेहमीचं म्हणताना सुरी जरा जोरात बसली.

आणि ते शेवटचं वाक्य बोलणारच. या वेळी माझ्याच माईकमधून, फणसापर्यंत. मीच एक एक टाका डाग देऊन ते वाक्य परत उभं केलंय. काय म्हणावं मला!

स्विच माझ्याकडे आहे. हे मला आज भाजी चिरता चिरता सुचलं. "घरच्या सुनेची" म्हणाले की बोट दाबायचं. लोक म्हणतील, सेल गेला. मग लगेच वाटलं, गाऱ्हाणं मध्ये तुटलं तर तो त्या म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा शिमगा ठरेल. पुन्हा कुणी त्यांना उभं करणार नाही. वाटलं, पण विचार गेला नाही. अजून आहे.

नवा सेल आणलाय.

१५ मार्च, शनिवार

काल झालं. नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

पालखी नाचून नाचून सहाणेवर बसली. ढोल चालू होते. नाना गळ्यात छत्रीची काडी घालून पालखीसमोर हात जोडून उभे. मी गुरुप्रसादच्या शेजारी, मांडीवर डबी. ऐनवेळी विसरायला होईल म्हणून मी स्विच आधीच चालू केला. गुरुप्रसादनेही सेट चालू करून ठेवला. भों नाही, दिवा नाही, आणि कर्ण्यांची तोंडं पलीकडे. नानांना कळायला काही वावच नव्हता. गुरुप्रसाद "बोला" म्हणून खूण करील तेव्हा माईक चालू होणार, अशी त्यांची समजूत.

ढोल थांबले. गाव गप्प झालं. नानांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं असणार, अजून खूण झाली नाही, तेवढ्यात आपलं घरचं बोलून घेऊ. देवीशी, एकट्याने.

आणि कर्ण्यांतून त्यांचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा. कर्ण्यांच्या मागे, डोळे मिटून बोलण्यात गढलेल्या नानांना तेवढा तो कळला नाही.

"आई वाघजाई, गावाचं मागायच्या आदी माजं एक ऐक. ह्या सुनेच्या ओटीसाठी मी वर्सानुवर्सं तुज्यासमोर उभा ऱ्हायलो."

माझं बोट स्विचवर गेलं. खोटं कशाला लिहू, गेलंच. गुरुप्रसादने माझ्याकडे बघितलं. मी दाबलं नाही. का दाबलं नाही ते आजही सांगता येत नाही. त्यांचा आवाज इतका स्वच्छ येत होता, एवढंच आठवतं.

"भरल्या गावात, मोठ्या आवाजात मागितलं. तिला काय वाटत असंल, कदी इचारलं नाय. ती माजी चूक पोटात घाल. माजा आवाज गेला तवा हिनं शेजारी बसून तो धाग्याधाग्यानं जुळवला. मला घरात पोर हवं व्हतं. ते तू कवाच दिलं व्हतंस, मलाच वळखता आलं नाय. आता हिच्यासाठी मागनं नाय. हिला सुखात ठेव, येवढंच."

मग पार फणसाखालून लवूचा आवाज आला, एकट्याचा, जोरात:

"व्हय म्हाराजा!"

आणि मग सगळं गाव. "व्हय म्हाराजा!" येसूआत्या सगळ्यात मोठ्याने.

नाना दचकले. डोळे उघडले. गावाकडे बघितलं, गळ्यातल्या काडीकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे. चेहरा शाळेत चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा. हळूच विचारलं,

"नमे, चालू हाय काय गो ह्यो?"

तेही कर्ण्यातून फणसापर्यंत गेलं.

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव म्हणालं.

मग जो हशा पिकला! पालखीचे मानकरी हसले, ढोलवाले हसले, मी पदर तोंडात कोंबून रडत होते नि हसत होते. गुरुप्रसादने गळ्यातला रुमाल काढून मला दिला, त्याला तेलाचा वास होता, तरी मी डोळे पुसले. बायकांच्या घोळक्यातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. या वेळी मी मान खाली घातली नाही.

नानांनी घसा साफ केला आणि गावाचं गाऱ्हाणं सुरू केलं. पाऊसपाणी, आंबाकाजू, मुंबईची पोरं, दर्यावरची पोरं, कुणाची वाट वाकडी झाली असेल ती सरळ कर. शेवटच्या मागण्यापर्यंत एकही शब्द अडखळला नाही. सेल आज सकाळी मोजला, जवळजवळ नवा आहे.

घरी आलो. त्या विषयावर बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. आज सकाळी मी चहा ठेवला. आधी विचारलंसुद्धा नाही. नानांनी अर्धा कप संपवला, डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"तेवढा भों तरी ठेवायचा व्हतास गो थोडा," म्हणाले. "नाय तर पुढच्या साली त्याला एक लाल दिवा लाव. मानसाला कळाय नको, चालू हाय का बंद?"

मी "बघू" म्हटलं आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

दिवा काही मी लावणार नाही.